ड्रमवाल्यांचे गुडघे

तालुक्याच्या संचलनाची रंगीत तालीम होती, १५ ऑगस्टच्या आधीची. खानापूरचा ऑगस्ट म्हणजे वरून रिपरिप आणि पायाखाली तांबडा चिखल. आमच्या मराठी हायस्कूलचा बँड सगळ्या शाळांच्या पुढे: साइड ड्रम, झांजा आणि नववीतल्या एका मुलीच्या गळ्यात मोठा ड्रम. मी शाळेत पी.टी. शिकवते, बँडही माझ्याकडेच आहे.

मंचासमोर आल्यावर बँडनं बाजूला सरून जागेवर कदमताल धरायचा आणि बाकीची पथकं त्या ठेक्यावर सलामी देत पुढून जायची, असं ठरलं होतं. कदमताल सुरू झाला तोच कवायत बघणारे सर माइकवरून ओरडले, “बँड, गुडघे वर! मांडी जमिनीला समांतर!”

मुलं शिस्तीची. गुडघे वर गेले आणि ठेका मोडला.

आमच्यासारख्या शाळांत साइड ड्रम खांद्यावरच्या पट्ट्याला अडकवलेला असतो आणि डाव्या मांडीवर टेकतो. डावा गुडघा उचलला की ड्रम उसळतो. काठी खाली येत असताना ड्रमचं तोंड वर येतं आणि ठोका वेळेआधी पडतो. पाय खाली गेला की ड्रम खाली पडतो, काठीला तो उशिरा सापडतो. डावा ठोका घाईत, उजवा रेंगाळलेला. रोल, म्हणजे दोन्ही काठ्यांचे भराभर सलग ठोके, तर तुटतोच. मोठ्या ड्रमवालीचे गुडघे खालच्या कडेवर आदळत होते. समोरून जाणाऱ्या पथकातली निम्मी मुलं कानावर आणि निम्मी पुढच्याच्या पायावर चालली होती.

“टीचर, ड्रम गुडघ्याला लागायलाय, रोल जमंना,” आठवीतला एकजण रडवेला होऊन म्हणाला.

मी मंचाकडे गेले. “सर, एकदा आमच्या पद्धतीनं करून दाखवू देत. नाही पटलं तर तुम्ही म्हणाल तसं.” पथकांसाठी त्यांचं म्हणणं बरोबरच होतं, हात मोकळे असलेल्या मुलांनी पाय उचलावाच. पण ड्रमवाल्याचे पाय हातांसाठी चालतात. ते ऐकून घेतील की नाही, याची मला धाकधूक होती. त्यांनी ऐकलं.

जूनपासून मुलांना घटवलेलं तेच पुन्हा करायला सांगितलं. कदमतालात पाऊल घोट्याच्या उंचीच्या वर जाऊ द्यायचं नाही. पुढे चालताना टाच आधी टेकायची, पंजा वर, मग तळवा सावकाश अंगठ्यापर्यंत उतरवायचा. पाऊल आपटलं तर हादरा कमरेतून थेट मनगटात जातो. सरावात मी ड्रमवर बांगडी ठेवून त्यांना न वाजवता चालवते; बांगडी खुळखुळली की पाऊल आपटलं हे ज्याचं त्याला कळतं. आमची मुलं गणपतीतल्या ढोल-ताशावर वाढलेली. ढोल सगळ्या अंगानं, गुडघ्यात लवून वाजवायचा असतो आणि तो तसाच शोभतो. इथं मात्र खांदे आणि कंबर शांत ठेवायला शिकवावं लागतं, आणि माझ्या मते ड्रम वाजवण्यापेक्षा हेच अवघड आहे.

बाजूला सरकतानाही तोंड मंचाकडेच ठेवायचं, म्हणजे पाय आडवे टाकायचे. टाचा उचलून, पायाच्या पुढच्या भागावर, गुडघे किंचित सैल. पावसाळ्यात भातखाचराच्या बांधावर खेकडे पकडणाऱ्या माझ्या मुलांनी या आडव्या चालीला ‘खेकडाचाल’ म्हणायला वेळ लावला नाही. चिखलात पाय घसरू नये म्हणून त्या दिवशी पावलं आखूड घ्यायला सांगितली.

यात एवढं जीव तोडून सांगण्यासारखं काय, असं कुणाला वाटेल. तेज चालीत मिनिटाला १२० पावलं, म्हणजे एका पावलाला अर्धा सेकंद. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. बँडपासून ३४ मीटरवरच्या पथकाला ठोका सेकंदाच्या दहाव्या भागानं उशिरा मिळतो, म्हणजे पावलाचा पाचवा हिस्सा तिथंच गेला. हे अंतर आपल्याला पुसता येत नाही. त्यात ठोकाच पुढेमागे होऊ लागला, तर लांबच्या मुलांनी डावा पाय टाकायचा तरी कशावर?

दुसऱ्या फेरीत मोठ्या ड्रमचा ठोका दर डाव्या पावलावर नेमका पडला. पाऊस वाढला होता, काठ्या हातातून निसटत होत्या, पण साइड ड्रमवाल्यांच्या कमरेवरचं अंग हललं नाही. शेवटच्या पथकापर्यंत डावा पाय एकदम पडत गेला. सरांनी माइक घेतला. “बँड असाच राहू दे. बाकीच्यांनी गुडघे वर.”

१५ ऑगस्टला संचलन नीट झालं. त्यानंतर मी एक अर्ज दिलाय: तालुक्याच्या सूचनापत्रात कदमतालाच्या नियमाखाली ‘ड्रमवादकांनी पाऊल घोट्याच्या वर उचलू नये’ अशी वेगळी ओळ घालावी. पट्ट्यावर ड्रम वागवणाऱ्या बाकीच्या शाळांच्या शिक्षकांनीही त्यावर सह्या केल्या आहेत.