सुरतेहून मुडावदला, कानबाईसोबत

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई देवी बसते, आणि तिच्या आदल्या दिवशी पहाटेच आमचे कुटुंब उधना स्थानकावर भुसावळकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत उभे असते. यंदा आईचे गुडघे दुखत असल्यामुळे पितळी डबा प्रथमच माझ्या मांडीवर आला. त्यात लाल खणात गुंडाळलेले कानबाईचे नारळ आहे. त्याचे पाणी केव्हाच आटले आहे. हलवले की आत सुकलेले खोबरे खुळखुळते. तेल-हळदीने करवंटी काळी, गुळगुळीत झाली आहे आणि मेणाने चिकटवलेली नथ काढली तरी तिचा ठसा दिसतो.

१९७२ च्या दुष्काळात आजोबांनी मुडावद सोडले आणि सुरतेत यंत्रमागावर काम धरले. आमच्याकडे कानबाई थोरल्याच्या घरी असते, आणि भावांत थोरले तेच होते. म्हणून घर-शेत धाकट्यांवर सोपवताना नारळ मात्र त्यांनी सोबत नेले. तेव्हापासून गावाकडच्या भाऊबंदांना कानबाईसाठी सुरतेची वाट पाहावी लागते आणि भाऊबंदांशिवाय आम्हालाही तिच्या प्रसादाचे रोट खाता येत नाहीत. आजोबांनी ही गाठ जाणूनबुजून मारली होती, असे मला मनापासून वाटते. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीच्या महापुरात सुरत बुडाली, तेव्हा पाणी दारात शिरताच आजीने सर्वांत आधी हाच डबा उचलून माळ्यावर ठेवला होता.

बारडोली, व्यारा मागे टाकत गाडी नवापूरला आली. या स्थानकाच्या मधूनच राज्याची सीमा जाते आणि फलाटावरच्या एका बाकाचा अर्धा भाग गुजरातेत, तर अर्धा महाराष्ट्रात आहे. आजी इथे डब्याचे झाकण किंचित उघडून म्हणायची, "माय, आपला मुलूख उना." मीही झाकण उघडले, परंतु शब्द घशातच अडकले.

शिंदखेड्याला उतरून कपाशीच्या काळ्या रानांतून मुडावद गाठले. ओसरीवर धाकट्या आजोबांनी रोटाचे गहू मोजायला घेतले होते: घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ. सुरतेत जन्मलेल्या, गावात कधीही न राहिलेल्या माझ्या मुलाच्या नावाचीही मूठ त्यांनी न विसरता टाकली.

सोमवारी सकाळी गाणी म्हणत, फुगड्या खेळत सगळे तापी-पांझरेच्या संगमावर गेलो. मुलताईला उगम पावलेली तापी ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे वाहत सुरतेजवळ समुद्राला मिळते. दुष्काळात आजोबा ज्या दिशेने गेले, ती दिशा तिचीच होती. चुलत्यांनी नारळ पाण्यात बुडवले, उपरण्याने पुसले आणि खणात गुंडाळून माझ्या हाती दिले.

परतीच्या गाडीत डबा पुन्हा मांडीवर होता. खण पुरता सुकला नव्हता; नवापूर येईपर्यंत पितळ थंड लागत होते.