तुम्ही विचारलेत म्हणून : टेबलावरचे कापड हिरवेच का?

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत माझा टॉवेल विणण्याचा व्यवसाय आहे आणि दर रविवारी रात्री आम्ही बारा हौशी मंडळी दोन संघ करून पूलची, म्हणजे कापड लावलेल्या टेबलावर काठीने चेंडू मारून ते टेबलाच्या खिशांत घालण्याच्या खेळाची, लीग खेळतो. कापडातले कळणारा माणूस म्हणून, खेळ पाहायला आलेला पाहुणा हटकून मलाच विचारतो, "हे हिरवेच का?"

कारण ते गवत आहे. पंधराव्या शतकात फ्रान्समध्ये आणि आसपास हिरवळीवर दांड्याने चेंडू ढकलण्याचे खेळ चालत. तो खेळ छपराखाली टेबलावर आला तेव्हा हिरवळीची जागा हिरव्या लोकरी कापडाने घेतली. दांड्याचे डोके रुंद असल्यामुळे काठाला टेकलेला चेंडू नीट मारता येत नसे, म्हणून खेळाडू दांडा उलटा धरून मागच्या बारीक टोकाने मारू लागले. शेपटीला फ्रेंचमध्ये 'क्यू' म्हणतात. तेच नाव आजच्या काठीला आहे.

'पूल' हा शब्द मात्र सर्वांनी मिळून लावलेल्या पैजेचा. अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याच्या अड्ड्यांत गिऱ्हाइकांच्या करमणुकीसाठी ही टेबले ठेवत. खेळाला नाव तेथे मिळाले आणि बदनामीही. आमच्या आईला ती बदनामी तेवढी ठाऊक आहे.

आमच्याकडेही पूल जमतो, पण पैजेचा नव्हे: दर रविवारी प्रत्येकी पन्नास रुपये, टेबलाच्या देखभालीसाठी. नियम आम्ही १९७९ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकन हौशी लीगवरून उचलला. प्रत्येक खेळाडूला कौशल्यानुसार दोन ते सात गुणांक असतो, आणि मैदानात उतरणाऱ्या पाच जणांची बेरीज तेवीसच्या वर जाता कामा नये. त्यामुळे सगळेच तरबेज घेता येत नाहीत आणि माझ्यासारख्या दोन गुणांकवाल्याला संघात मान मिळतो.

त्याच मानापायी गेल्या वर्षी मधला चेंडू ओलांडण्यासाठी पांढरा चेंडू उडवायला गेलो, क्यूचे टोक कापडात घुसले आणि बोटभर चीर पडली. आमच्या ओळखीच्या रफूगराला घेऊन आलो. त्याने चिरेवरून दोनदा अंगठा फिरवला आणि म्हणाला, "रफू तुम्हाला दिसणार नाही शेठ, पण चेंडूला कळेल." नवे कापड घालावे लागले, त्या मोसमाचा सगळा पूल त्यातच गेला.