दहाची वेळ आणि दहा वीसला आलेला कुत्रा

वीस मिनिटं उशिरा पोचलात आणि कुत्र्याचे केस कापणाऱ्या ग्रूमरने "आज नाही जमणार, पुढची तारीख घ्या" असं सांगितलं, की डोकं सणकतं. परदेशात येऊन पहिल्यांदाच लांब केसांचा कुत्रा पाळणारी आपली मंडळी तर हमखास चिडतात. वीस मिनिटांत असं काय आभाळ कोसळणार होतं? आंघोळ घालायची, केस कापायचे, नखं काढायची, बस्स! आम्ही टेबलाच्या पलीकडच्या बाजूला उभे असतो, त्यामुळे ती वीस मिनिटं कुठून आणायची हा प्रश्न आमच्या वाट्याला येतो. आणि खरं सांगायचं तर ती कुठूनही आणली तरी शेवटी कुत्र्याच्याच अंगावरून वसूल होतात.

उदाहरणाला पंचवीस किलोचं स्टँडर्ड पूडल किंवा डूडल (पूडलचा संकर) घ्या. अगदी वेळेवर आलं आणि केसांत जटा नसल्या तरी साधारण तीन तासांचं काम. पहिली दहा मिनिटं मालकाशी बोलणं आणि कुत्रा हाताने चाचपून बघणं: कानाला वास येतोय का, कातडीवर पुरळ, गाठ, चामखीळ, गोचीड काही आहे का, कुठे हात लावला की अंग चोरतोय. मग नखं आणि कान, पंधरा मिनिटं. आंघोळीच्या आधी विंचरणं, वीस मिनिटं. आंघोळ अर्धा तास. वाळवणं पाऊण ते एक तास. मशीनने केस एका उंचीला आणणं वीस मिनिटं आणि शेवटची कात्री चाळीस मिनिटं. आता यातलं काय गाळायचं ते तुम्हीच ठरवा.

आंघोळीपासून बघू. शॅम्पू दोनदा लागतो, कारण पहिल्या हाताला फक्त तेलकटपणा आणि धूळ निघते; कातडीपर्यंत फेस पोचतो तो दुसऱ्या हाताला. पशुवैद्याने औषधी शॅम्पू दिला असेल तर तो बहुतेक वेळा अंगावर दहा मिनिटं राहू द्यावा लागतो. घाईत धुतलेल्या कुत्र्याच्या काखेत, पोटाखाली आणि जांघेत साबण राहून जातो. दोन दिवसांनी तो खाजवायला लागला की मालक म्हणतो, शॅम्पू लागला नाही त्याला. शॅम्पूचा काही दोष नसतो, पाणी कमी पडलेलं असतं.

घाईचा सगळ्यात मोठा फटका बसतो तो वाळवण्याला. आमचा ड्रायर उष्णतेपेक्षा हवेच्या वेगाने पाणी उडवतो. नळीचं तोंड कातडीजवळ धरलं की केस गोल फाकतात, मध्ये गुलाबी कातडीचं वर्तुळ दिसतं आणि त्याच्या कडेने पाण्याचे बारीक तुषार उडत असतात. तुषार थांबले की नळी बोटभर पुढे. असं मागच्या पायापासून मानेपर्यंत, दोन्ही बाजूंनी. चेहऱ्यावर हा झोत मारत नाहीत, आणि आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून कानांवरून कापडी पट्टी चढवतात. कुरळ्या केसांच्या कुत्र्याला शेवटी स्टँडवरच्या ड्रायरच्या सौम्य हवेखाली उभं करून बारीक तारांच्या स्लिकर ब्रशने एकेक ओळ सरळ करत वाळवावं लागतं. ब्रश फिरायच्या आत केस वाळला, तर तो वळलेलाच राहतो. म्हणजे हे चालू असताना हातावेगळं दुसरं काही करता येत नाही. आणि अर्धवट ओलसर केसांवर मशीन चालवलं तर ब्लेड अडकत जातं, पट्टे उमटतात. त्यातूनही नीट कापलं तरी घरी जाऊन केस पूर्ण वाळले की आखडतात आणि एक पाय जाड, एक बारीक दिसायला लागतो. दाट अंतर्केसांच्या कुत्र्यात ओल आत राहिली, तर कातडी लाल होऊन चिघळायचीही भीती.

मग पिंजऱ्यात ठेवून गरम हवा सोडा ना, असं कुणी सुचवतं. गरम हवेखाली कोंडलेला कुत्रा एकटा सोडणं हा या धंद्यातला सगळ्यात जीवघेणा आळस आहे. उष्माघाताने कुत्रे दगावले आहेत. पग, बुलडॉग, शित्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर धाप लागायला फार वेळ लागत नाही. त्यांना गार हवा आणि मध्ये मध्ये विश्रांतीच हवी.

नखांचंही तसंच. पांढऱ्या नखात आतली रक्तवाहिनी दिसते, काळ्या नखात दिसत नाही. म्हणून काळं नख कागदाच्या जाडीएवढं, पुन्हा तेवढंच, असं काढत जायचं. कापलेल्या टोकाच्या मधोमध गडद ओलसर ठिपका दिसला की थांबायचं. घाईत एक घाव जास्त गेला की रक्त येतं. रक्त थांबवायची पावडर दाबून धरली की ते थांबतं, पण कुत्रा विसरत नाही. पुढच्या वेळी पंजा हातात घेतला की मागे ओढतो, मग दोघांनी धरायचं, मग पाच मिनिटांचं काम पंधरावर जातं. आजच्या उशिराचं व्याज असं पुढच्या प्रत्येक भेटीत भरत राहावं लागतं.

ब्लेड तापतं ही गोष्ट बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. १० नंबरचं ब्लेड साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतं, ७एफ सुमारे ३.२ आणि ४एफ सुमारे ९.५, नंबर मोठा, केस छोटे. सलग चालवलं की धातू गरम होतो. म्हणून दर थोड्या वेळाने ब्लेड मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघायचं आणि तापलं असेल तर दुसरं लावायचं. हा बदल अर्ध्या मिनिटाचा आहे, पण घड्याळाकडे डोळे लागलेल्या माणसाचा नेमका हाच सुटतो. मग संध्याकाळी पोटाखाली लाल चट्टा आणि कुत्रा तो चाटत बसलेला.

आता दिवसाची मांडणी. एकट्याने काम करणारा ग्रूमर आकार आणि केसांप्रमाणे दिवसाला साधारण पाच ते आठ कुत्रे घेतो. ते एकामागून एक सरळ रांगेत नसतात, तुकड्या जुळवून बसवलेले असतात. आखूड केसांच्या कुत्र्याचं काम तासाभरात उरकतं, तो डूडलच्या दोन टप्प्यांमध्ये विसाव्याच्या वेळात बसवलेला असतो. पहिला वीस मिनिटं सरकला की दुपारी दोनचा कुत्रा पावणेतीनला टेबलावर चढतो, कारण सरकलेल्या तुकड्या पुन्हा एकमेकींत बसत नाहीत. वेळेवर आलेल्या माणसाच्या कुत्र्याने हा भुर्दंड का भरायचा, याला आमच्यापाशी उत्तर नाही.

शिवाय काही वेळा मुद्दाम ठरवून दिलेल्या असतात. म्हाताऱ्या, सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला सकाळी घेतात, म्हणजे त्याला दोन-तीनदा खाली उतरवून झोपू देता येतं. उशीर झाला की पहिला बळी त्या झोपेचा जातो, आणि थरथरत्या पायावर उभ्या असलेल्या कुत्र्याभोवती कात्री फिरवणं म्हणजे संकटाला बोलावणंच. मधुमेह असलेल्या कुत्र्याला साधारण बारा-बारा तासांनी जेवणासोबत इन्सुलिन असतं. त्याची भेट या दोन वेळांच्या मध्ये बसवलेली असते. चावऱ्या किंवा घाबरट कुत्र्याला सलून रिकामं असतानाची वेळ देतात. तो अर्धा तास उशिरा आला तर दारात त्याची गाठ इतर तीन कुत्र्यांशी पडते, आणि ती वेळ कशासाठी निवडली होती यालाच अर्थ उरत नाही.

लवकर येणंही तितकंच अडचणीचं, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. दहाची वेळ असताना पावणेदहाला आलात तर आधीचा कुत्रा अजून टेबलावर असतो, दार वाजलं की तो उडी मारायच्या बेतात येतो. न्यायला येताना तर हे आणखी सांभाळायला हवं. डोळ्यांच्या कोपऱ्यातले केस कापत असताना त्याला काचेपलीकडे तुमचा चेहरा दिसला किंवा आवाज कानावर पडला, की सगळं अंग त्या दिशेला झेपावतं. कात्रीचं टोक तेव्हा डोळ्यापासून बोटभर अंतरावर असतं. म्हणून फोन येईपर्यंत येऊ नका आणि आला की रेंगाळू नका. काम झालेला कुत्रा पिंजऱ्यात तासभर बसला की भुंकतो, लघवी अडवून धरतो किंवा धरत नाही, आणि नुकता फुलवलेला पाय चपटा होतो. मालक घरी नेऊन म्हणतो, कापलंय कसं बघा!

न सांगता न येणाऱ्यांबद्दल थोडक्यात. पुष्कळ सलूनमध्ये ग्रूमरला पगार नसतो, केलेल्या कुत्र्यामागे वाटा मिळतो. तीन तासांची जागा रिकामी गेली तर ती ऐन वेळी भरत नाही, कारण प्रतीक्षा यादीतल्या माणसालाही कुत्रा घेऊन यायला सवड लागते. आगाऊ रक्कम मागणं, चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तास आधी कळवायची अट घालणं, दोनदा दांडी मारली की नाव काढून टाकणं, हे सगळं त्यातून आलंय. त्यात खडूसपणा काही नाही.

वक्तशीरपणा घड्याळाचा असतो तसा कॅलेंडरचाही, आणि आमच्या मते हा दुसरा जास्त महत्त्वाचा आहे. पूडल, डूडल, बिशाँ यांना चार ते सहा आठवडे, शित्झू-ल्हासाला सहा ते आठ, हस्की किंवा गोल्डनसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्यांना आठ ते बारा, आणि नखांसाठी कुणालाही तीन-चार आठवडे. "बरा दिसतोय की, पुढच्या महिन्यात जाऊ" म्हणून सहाचे दहा आठवडे केले, की जटा धरतात: कानांच्या मागे, काखेत, जांघेत, पट्ट्याखाली. वरून कुत्रा गुबगुबीत दिसतो, आत कातडीलगत नमद्यासारखा थर बसलेला असतो. तशात घरी आंघोळ घातली तर बघायलाच नको, पाण्याने जट आणखी आवळते.

जटा सोडवायलाही मर्यादा आहे. पंधरा-वीस मिनिटं ओढाताण झाली की ते काम राहत नाही, छळ होतो. मग केस काढणं हाच मार्ग, आणि तोही १० किंवा ७एफ नंबरने, कारण लांब केस ठेवणारं ब्लेड जटेच्या खाली शिरतच नाही. मालकाला हवा असतो बाहुलीसारखा चेहरा आणि हातात येतो उघडाबोडका कुत्रा. सगळ्यात जास्त जपावं लागतं ते कानांना. जटेचं ओझं निघालं की कुत्रा जोरजोरात डोकं झटकतो, आणि त्या झटक्यांनी कानाच्या पाळीत रक्त साकळून ती फुगू शकते. तसं झालं तर पशुवैद्याकडेच जावं लागतं. म्हणून जटलेले कान कापल्यावर काही तास डोक्याभोवती कापडी पट्टी ठेवतात आणि पाळी गरम किंवा फुगलेली वाटते का ते बघत राहायला सांगतात.

नखांमध्येही कॅलेंडर दिसतं. नियमित कापलं की आतली रक्तवाहिनी हळूहळू मागे सरकते आणि नख आखूड ठेवता येतं. खंड पडला की ती नखासोबत पुढे येते; मग एका बैठकीत नख आखूड करणं शक्य नसतं.

आणि हा उशीर फिरून घड्याळावरच येतो. सहा आठवड्यांनी येणाऱ्या लहान कुत्र्यासाठी दोन तास ठेवलेले असतात; दहा आठवड्यांनी, जटा घेऊन आलेल्या त्याच कुत्र्याला तीन पुरत नाहीत. म्हणून वेळ ठरवताना खरं सांगा. जात, वजन, शेवटचे केस कधी कापले, जटा आहेत का, कधी चावलाय का, औषध चालू आहे का. फोनवर फोटो पाठवलात तर उत्तम, फक्त गेल्या वाढदिवसाचा नको, आजचा पाठवा. धातूचा कंगवा कातडीपासून टोकापर्यंत अडखळत फिरतोय की सहज, हे एकदा बघून घ्या. ब्रश जटेवरून घसरतो, कंगवा खोटं बोलत नाही. लसीकरणाचे कागद, निदान रेबीजचा दाखला, आदल्या रात्रीच शोधून ठेवा, कारण दारात उभं राहून फोनमध्ये शोधाशोध करण्यातच दहा मिनिटं सहज जातात.

त्या दिवशी पोटभर खाणं भेटीच्या दोनेक तास आधी उरकावं, आणि निघण्यापूर्वी फिरवून शी-शू करून आणावं. दहाची वेळ म्हणजे दहाला पट्टा आमच्या हातात. गाडी लावून, घाबरलेल्या कुत्र्याला समजावत दारापर्यंत आणणं, हे त्याच्या आधीचं.

तरीही उशीर होणारच असेल, तर रस्त्यातूनच, जमेल तितक्या लवकर फोन करा आणि पोचायची खरी वेळ सांगा. "पाचच मिनिटांत आलो" असं म्हणून पंचवीस मिनिटांनी येण्यापेक्षा पंचवीसच सांगितलेली बरी. आधी कळलं तर पुढचा कुत्रा आधी घेता येतो, किंवा आज फक्त आंघोळ, नखं, पंजांखालचे केस आणि डोळ्यांपुढची झुलपं एवढंच करून पूर्ण कापणीला आठवड्याभरातली दुसरी वेळ देता येते. गाडी घेऊन दारात येणाऱ्या फिरत्या ग्रूमरच्या बाबतीत उलटं असतं. तो रहदारीतून येतो, म्हणून ठरावीक मिनिट न देता तासाभराचा अवधी देतो. त्या तासात कुत्रा फिरवून आणलेला आणि पट्ट्यात बांधलेला असावा, आणि गाडी लावायला दारासमोर मोकळी जागा असावी.