अविश्वास ठरावाची ग्रामसभा
आमच्या तालुक्यातल्या एका गावच्या सरपंचबाईंवर अविश्वास ठराव आला, तेव्हा तहसील कार्यालयातला अव्वल कारकून म्हणून विशेष ग्रामसभेच्या मतदानाला माझी नेमणूक झाली. नऊपैकी आठ सदस्यांनी बैठकीत ठराव आधीच मंजूर केला होता. पण बाई थेट जनतेतून निवडून आलेल्या. अशा सरपंचाला फक्त सदस्यांच्या तीन-चतुर्थांश बहुमताने काढता येत नाही. १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३५ प्रमाणे तो ठराव गावापुढे ठेवून गुप्त मतदान घ्यावं लागतं.

शाळेच्या पटांगणात गर्दी जमली. एक सदस्य नायब तहसीलदारांना म्हणाले, "साहेब, हात वर करून घ्या की. अर्ध्या तासात उरकतंय." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. साहेब ठाम होते. "रात्र झाली तरी चालेल, मतदान चिठ्ठीनंच होणार."

त्यामागचं कारण मला टेबलावर बसल्यावर नीट दिसलं. शेतमजुरी करणारी एक मावशी चिठ्ठी हातात घेऊन थबकली. ज्यांच्या रानात ती खुरपायला जाते, ते सदस्य दारातच उभे होते. हळूच विचारलं तिनं, "ह्याच्यावर माझं नाव येतंय का?" मी म्हटलं, "नाही मावशी. खूण फक्त यादीत होते, चिठ्ठीवर काही नसतं." पोलीस पाटलांनी त्या सदस्यांना बाहेर काढलं, मगच ती पडद्यामागे गेली. हात वर करायची वेळ आली असती, तर तिचा हात तिचा राहिला असता का?

एका नव्या सुनेला मात्र परत पाठवावं लागलं. तिचं नाव अजून माहेरच्या यादीत होतं. जीवावर आलं, पण संविधानाच्या कलम २४३ मध्ये ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीत नोंदलेली माणसं, एवढंच आहे.

मोजणी झाली आणि ठराव फेटाळला गेला.

सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये पुन्हा आली. सरपंच एका बाजूला आणि सदस्य दुसऱ्या बाजूला पडले की कारभार अडतो, हा त्यावरचा आक्षेप मला खरा वाटतो. तरीही ज्यांनी निवडलं त्यांना विचारल्याशिवाय काढायचं नाही, ही अट मला जास्त मोलाची वाटते. बाई सरपंच राहिल्या. ते आठ सदस्यही पंचायतीत आहेतच. पुढच्या मासिक सभेत नळयोजनेच्या खर्चाला मंजुरी हवी असेल, तर त्यांना याच आठ जणांशी बोलावं लागणार आहे.