शब्द पाठ होते, वाक्य येत नव्हतं

माझ्याकडे एके काळी तीन वह्या होत्या. तिन्हींत इंग्रजी शब्द, डावीकडे शब्द आणि उजवीकडे अर्थ. रोज दहा शब्द पाठ करायचे असा नेम होता आणि तो मी पाळलाही. तरी पहिल्याच मुलाखतीत पंचाईत झाली. समोरच्या बाईंनी विचारलं, "वुड यू माइंड वेटिंग आउटसाइड?" मी उत्साहाने "येस, येस!" म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले. त्या गालातल्या गालात का हसल्या, ते मला कितीतरी दिवसांनी कळलं. "माइंड" म्हणजे मन आणि "वेट" म्हणजे थांबणं, दोन्ही माझ्या वहीत होते. पण "वुड यू माइंड" हे तीन शब्द एकत्र आले की "तुमची हरकत आहे का?" असा प्रश्न होतो, हे वहीत कुठेच नव्हतं. मी त्यांना हसतमुखाने "हो, आहे हरकत" असं सांगून, वर मुकाट बाहेर गेले होते.

नोकरी मिळाली (दुसरीकडे). तिथे ईमेल लिहायचे होते. "प्लीज एक्सप्लेन मी धिस" असं मी बिनधास्त लिहायचे. "मला समजावून सांगा" यात "मला" आहे, म्हणून "मी". शिवाय "टेल मी" चालतं, मग "एक्सप्लेन मी" का नाही? एका ज्येष्ठ सहकाऱ्याने ते दुरुस्त करून "एक्सप्लेन धिस टू मी" केलं. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "कारण असं काही नाही. 'एक्सप्लेन' या मांडणीत बसत नाही, एवढंच." तेव्हा हे उत्तर मला टोलवाटोलवीचं वाटलं. पुढे समजलं की नेमक्या याच अडचणीवर ए. एस. हॉर्नबी नावाच्या शिक्षकाने फार आधी काम करून ठेवलं होतं. ते जपानमध्ये इंग्रजी शिकवत. कुठलं क्रियापद कुठल्या मांडणीत चालतं, ते त्यांनी शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशात प्रत्येक क्रियापदापुढे नोंदवलं. तो कोश आधी 1942 मध्ये जपानमध्ये निघाला आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने काढला. म्हणजे "एक्सप्लेन मी" म्हणणारी मी काही पहिली नव्हते. जरा बरं वाटलं.

मग मी वहीची पद्धत उलटी केली. डावीकडे इंग्रजी शब्दाऐवजी मी दिवसभरात खरोखर बोलते ती मराठी वाक्यं लिहायला लागले. "मला अर्धा तास लागतो." "मी बोलणारच होते." "मोबाइल दुरुस्त करून घेतला." आणि उजवीकडे, इंग्रजीत हीच गोष्ट कुठल्या साच्यातून येते ते शोधायचं. मोबाइलचं वाक्य तर अनुभवातूनच आलं होतं. मी ऑफिसात "आय रिपेअर्ड माय फोन" म्हणाले आणि शेजारचा म्हणाला, "अरे वा, मग माझाही बघशील का?" इंग्रजीत "गॉट माय फोन रिपेअर्ड" म्हणायला हवं होतं. आपलं "करून घेतला" हेच सांगतं, काम दुसऱ्याने केलं. मराठीत हा फरक मी कधीच चुकले नसते.

"यूज्ड टू"ने मात्र छळलं. "आय यूज्ड टू वॉक" आणि "आय ॲम यूज्ड टू वॉकिंग" ही दोन वाक्यं मी घोकून घोकून पुन्हा उलटसुलट करायचे. उपाय सापडला तो मराठीत. पहिलं म्हणजे "मी चालत जायचे", दुसरं म्हणजे "मला चालायची सवय आहे". "जायचे" आणि "सवय आहे" यांत माझा कधी गोंधळ होईल का? नियम कळल्यावर आणखी एक गोष्ट सुटली. दुसऱ्या वाक्यातला "टू" हा आपल्या "ची", "ला"सारखा, त्याच्यापुढे नाम किंवा "-इंग" लागणार. "लुकिंग फॉरवर्ड टू"मधला "टू"ही तोच. त्याआधी मी प्रत्येक ईमेलच्या शेवटी "लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू" लिहीत होते, कोणी काही बोललं नाही ही त्यांची सभ्यता.

खरी दमछाक झाली ती जोडशब्दांच्या क्रियापदांनी. एकदा "द मीटिंग इज पुट ऑफ" असा निरोप आला. "ऑफ" पाहून मी बैठक रद्द झाली असं तिघांना सांगून मोकळी झाले. ती फक्त पुढे ढकलली होती. रद्द झाली असती तर "कॉल्ड ऑफ" असतं. "पुट आउट" म्हणजे विझवणं, "पुट अप विद" म्हणजे सहन करणं. "पुट"चा अर्थ "ठेवणे" घेऊन यातलं काहीच हाती लागत नाही. वर आणखी एक खोच: "इट" असेल तर तो मध्येच घुसवायचा, "पुट इट ऑफ". पण "लुक आफ्टर इट"मध्ये तो शेवटीच.

या भाषेला काही ताळतंत्र आहे का, असं चिडून म्हणत होते. त्याच संध्याकाळी फोनवर बहिणीला सांगितलं, "अगं, मी भलतंच बोलून बसले." आणि थबकले. बोलले, बोलून टाकलं, बोलून दाखवलं, बोलून घेतलं, बोलून बसले. मराठी शिकणारा माणूस "बसणे" शोधायला गेला, तर त्याला खुर्ची सापडेल. पश्चात्ताप सापडणार नाही. आपण हे कुणाकडून शिकलो? कुणाकडूनच नाही, ऐकलं आणि तसंच वापरलं. त्या दिवसापासून "पुट ऑफ"वरचा माझा राग गेला. "ॲज सून ॲज आय रीच"मध्ये भविष्यकाळ का नाही, हे विचारणंही सोडलं. आपण तर "पोचले की फोन करते" म्हणतो. अजून निघालेलो नसतो आणि पोचलोसुद्धा.

त्यानंतरची रीत साधी होती: आठवड्याला एकच साचा. तो बातम्यांत, मालिकांत, ईमेलांत कुठे येतो ते पकडायचं, आणि स्वतःच्या आयुष्यातली चार वाक्यं त्यात घालून मोठ्याने म्हणायची. पुस्तकातली नाहीत, स्वतःची. "टू टायर्ड टू टॉक" मला परीक्षेपुरतं येत होतं. पण एका रात्री खरंच बोलवत नव्हतं तेव्हा ते मनातल्या मनात आपोआप आलं, आणि त्यात "नॉट" घालावासाही वाटला नाही.

याचा एक तोटाही आहे. परवा एका ग्राहकाने फोनवर लांबलचक तक्रार सांगितली. त्यात मध्येच "आय वॉज सपोज्ड टू गेट इट लास्ट वीक" असं वाक्य आलं. वा, काय नेमकं वाक्य, म्हणून मी ते वहीत उतरवत राहिले. मान वर केली तेव्हा पलीकडे शांतता होती आणि त्यांना माझ्याकडून उत्तर हवं होतं.

"वुड यू माइंड रिपीटिंग दॅट?" मी विचारलं.

"नो," ते म्हणाले, आणि पहिल्यापासून सांगायला लागले.