साहेब, सातशे रुपये कमी करतोय

३१ डिसेंबरला कळंगुटच्या बाजूला रिकामी खोली शोधून सापडत नाही. २०२५च्या त्या सकाळी मी मात्र रिसेप्शनवरून एका पाहुण्याला फोन करून सांगत होतो, "साहेब, तुमच्या खोलीचे सातशे रुपये कमी करतोय."

"का? एसी बंद आहे का?"

एसी ठणठणीत होता. मागणी बघून दर आपोआप चढवणाऱ्या सॉफ्टवेअरने पहाटे आमचा दर ८,२०० केला आणि पुण्याच्या या गृहस्थांनी लगेच खोली धरली. पैसे इथे आल्यावर द्यायचे होते, एवढं नशीब. पात्रांव, म्हणजे आमचे मालक, हादरलेच. "पयलीं सीएक फोन कर!"

२२ सप्टेंबरपासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के, त्यावर गेलं की थेट १८. म्हणजे ८,२००चे ९,६७६ होतात आणि ७,५००चे ७,८७५. पण धास्ती वेगळीच होती. १ एप्रिल २०२५पासूनच्या नियमाने, आर्थिक वर्षात एक जरी खोली, एका रात्रीपुरती का होईना, ७,५००च्या वर गेली, की पुढचं अख्खं वर्ष हॉटेलातल्या रेस्टॉरंटला ५ऐवजी १८ टक्के. ४०० रुपयांची सुरमई थाळी ४२०ऐवजी ४७२ला! आमच्या खोल्या मोजक्याच. पावसाळा निघतो तो गावातल्या जेवणाऱ्यांवर. १८ टक्क्यांत खरेदीवरच्या कराची वजावट मिळते म्हणतात. पण ताजी मासळी आणि भाजी यांवर मुळात करच नाही, वजावट कसली घेणार? दारू तर जीएसटीच्या बाहेरच.

सीएंनी बजावलं, कर सोडून खोलीचं बिल ७,५००च्या वर जाता कामा नये. रात्रीच्या पार्टीचं जेवण सक्तीने गळ्यात मारलंत तर तेही खोलीच्या दरातच धरतील.

दुपारी पुणेकर आले. त्यांनी नळ सोडून पाहिले, पलंगाखाली वाकून पाहिलं, मग कुठे सही केली. संध्याकाळी एक जण काउंटरवर दहा हजार रोख ठेवून उभा राहिला. त्यालाही शेवटची खोली ७,५००लाच दिली. शेजारच्या हॉटेलने त्या रात्री बारा हजार घेतले. त्यांच्याकडे रेस्टॉरंटच नाही.

आता सिस्टीममध्ये ७,५००ला कुलूप आहे. कार्निव्हलला मुंबईचा एक ग्रुप नऊ हजार द्यायला तयार होता. पात्रांव म्हणाले, साडेसातच घे, आणि जेवायला खालीच या म्हणून सांग.