घराला पण चॅसी असते!

आमच्या मुळशीकडच्या तुकड्यावर छोटंसं घर बांधायचं हे बाबांच्या डोक्यात रिटायर झाल्यापासून आहे, पण गवंडी शोधा, पावसाळ्याआधी स्लॅब टाका, वाळू कोण चोरतंय बघा हे सगळं या वयात नको म्हणून आता नवीन खूळ निघालंय, घर बांधायचंच नाही, कारखान्यातून तयार आणायचं. आई म्हणाली टपरी आणताय का घर, मग दोन दिवस तोच विषय.

खूळ कुठून आलं तर माझा मामेभाऊ अमेरिकेत इंडियाना राज्यात असतो, एल्कहार्ट गावाच्या जवळ, तिकडे आरव्ही म्हणजे आत राहता येईल अशा गाड्यांचे आणि अशा घरांचे बरेच कारखाने आहेत. तो एक कारखाना बघून आला आणि त्याने व्हिडिओ पाठवले. बाबा टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) ३० वर्षं असेंब्लीला होते, त्यामुळे ते व्हिडिओ त्यांनी क्रिकेट मॅचसारखे थांबवून थांबवून बघितले आणि पहिल्याच मिनिटाला ओरडले, "अरे ही तर चॅसी आहे!"

आणि खरंच चॅसी असते, म्हणजे गाडीच्या खाली असतो तसा लोखंडी सांगाडा. लांबलचक दोन आय बीम, मधे आडवे मेंबर, खाली ॲक्सल आणि चाकं, पुढे ओढायला हिच. यावर घर उभं राहतं आणि ही चॅसी कायम घराखालीच राहायची असा तिथला नियमच आहे, जागेवर पोचल्यावर चाकं-ॲक्सल काढले तरी चालतात. अशा घरांसाठी देशभराचा एकच कोड म्हणजे नियमावली १५ जून १९७६ पासून लागू झाली, तिला हड कोड म्हणतात (हड म्हणजे तिथलं गृहनिर्माण खातं), तिच्याआधीच्या घरांना मोबाइल होम म्हणायचे. प्रत्येक भागाला बाहेरून लाल रंगाची छोटी धातूची पट्टी ठोकतात आणि आत एक प्लेट लावतात, त्यावर हे घर किती वाऱ्याला, किती बर्फाला आणि कुठल्या हवामानाला डिझाइन केलंय ते नकाशासकट छापलेलं असतं. बऱ्याच राज्यांत घर जमिनीला कायमचं जोडलं नाही तर त्याची कागदपत्रं गाडीसारखीच होतात. यावर बाबा, "म्हणजे आरसी बुक!" त्यांना जाम आनंद झाला.

पण मला खरी मजा वाटली ती क्रमाची. मी समजत होतो की आधी चार भिंतींचा डबा करतात आणि मग आत सामान बसवतात, तर नाही, सगळं आतून बाहेर. चॅसीवर आधी लाकडी वाशांची जमीन, तिच्या पोटात पाण्याचे पाइप, गरम हवेचे डक्ट, इन्सुलेशन, आणि खालून एक जाड काळं कापड ताणून ते पोट शिवून टाकतात, त्याला तिकडे बेलीच म्हणतात. वर फळ्या आणि फ्लोअरिंग. मग त्या मोकळ्या जमिनीवर, आजूबाजूला एकही भिंत नसताना, बाथटब आणि कमोड येऊन बसतात! (आई म्हणाली लाज नाही.) कारण भिंती उभ्या झाल्यावर टब दारातून आत जाणार कसा. मग आतल्या भिंती, आणि बाहेरच्या त्यानंतर. या भिंतींना आतल्या बाजूचा बोर्ड आधीच चिकटवलेला असतो, म्हणजे वायरिंग आणि इन्सुलेशन बाहेरून भरायचं, आपल्याकडे प्लॅस्टर झाल्यावर इलेक्ट्रिशियन येऊन झिरी मारत बसतो त्याच्या बरोब्बर उलटं. छप्पर बाजूला वेगळं तयार होतं आणि वरच्या क्रेनने उचलून अलगद बसवतात. सगळीकडे खिळ्यांबरोबर गोंद आणि फोम पण, कारण हे घर हायवेवर गाडीच्या स्पीडने हादरत जाणार, नुसत्या खिळ्यांवर भरवसा ठेवून भागत नाही. शेवटी पाइपांना प्रेशर देऊन लीक बघतात, वायरिंगची टेस्ट होते, मग प्लॅस्टिक गुंडाळून रवाना.

मोठं घर हवं असेल तर दोन भाग वेगवेगळे जातात, जोडायची बाजू उघडी असते त्यावर प्लॅस्टिक, आणि जागेवर दोन्ही जोडतात त्या रेषेला म्हणे मॅरेज लाइन म्हणतात. एकेक भाग १४-१६ फूट रुंद, पुढे-मागे पायलट गाड्या आणि स्पेशल परमिट.

बाबांनी ग्राफ पेपरवर १४ फुटांचा हॉल काढला आणि आम्ही भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरकडे गेलो. इथलं काम वेगळं, एमएस म्हणजे लोखंडी पाइपची फ्रेम, त्यावर गंज न लागायला रेडऑक्साइड रंग, पफ पॅनल म्हणजे दोन पत्र्यांच्या मधे फोम, खाली सिमेंट बोर्डावर व्हिनाइल. चाकं नाहीत, ट्रेलरवरून येतं आणि हायड्रा म्हणजे फिरती क्रेन उतरवते. माणूस सरळ होता, कागदाकडे बघितलंच नाही, म्हणाला, काका, आधी रस्त्याचे फोटो पाठवा, मग प्लॅन काढू. आपल्याकडे गाडीची रुंदी नियमाने २.६ मीटर, म्हणजे साडेआठ फूट, म्हणून तो आठ फुटांचेच डबे करतो आणि मोठी खोली हवी तर दोन डबे शेजारी लावून मधली भिंत काढतो. सांध्यावर फ्लॅशिंग म्हणजे पाणी अडवायची पत्र्याची पट्टी आणि सीलंट, पण मुळशीच्या पावसाला तेवढं पुरत नाही, वरून वेगळं पत्र्याचं छप्पर घ्याच असं त्याचं म्हणणं, शिवाय पत्र्यावर पाऊस वाजतो तो आवाज पण कमी होतो. फोम उष्णता अडवतो हे खरं पण लोखंडी पाइप जिथे आतून बाहेर जातो तिथून ती येतेच, हे त्याने मी विचारल्यावर सांगितलं, आधी नाही.

म्हणजे हॉल किती मोठा हे आई-बाबा ठरवणार नाहीत, गावातलं वळण ठरवणार. मागच्या रविवारी बाबा टेप घेऊन गेले आणि पारापाशी तीन वेळा मोजलं, शेजारचे काका टेपचं दुसरं टोक धरून उभे, पोरं मागे. ट्रेलर वळेल असं वाटतंय, हायड्राला उभं राहायला जागा आहे, विजेच्या तारा पण बऱ्या उंचीवर आहेत. अडतीय ती फक्त आजोबांनी लावलेल्या चिंचेची एक फांदी, आणि आई म्हणते डबा सहा फुटांचा करा पण फांदीला हात लावायचा नाही.